टक्क्यांचा भत्ता आणि आण्यांचा भत्ता

कापडगिरणीत सुताचा नंबर काढायची रीत अगदी सरळ होती. दीड यार्ड घेराच्या रीळवर सूत ऐंशी वेळा गुंडाळले की १२० यार्डांची एक ‘ली’ तयार होई. ती नाजूक काट्यावर ठेवून ग्रेनमध्ये वजन घ्यायचे आणि १००० ला त्या वजनाने भागायचे. ली पन्नास ग्रेन भरली तर सूत वीस नंबरचे, पंचवीस भरली तर चाळीस नंबरचे. या हजाराच्या मागे इंग्रजी मापांचा हिशेब आहे. एक पौंड वजनात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतील तितका सुताचा नंबर. पौंडाचे ग्रेन ७०००, आणि एका लडीत सात ली, म्हणून १०००. सूत जितके बारीक तितका नंबर मोठा. पण कोणताही स्पिनिंग मास्तर एकच ली मोजून थांबत नसे. त्रासनखात्यातल्या, म्हणजे सूतकताईच्या खात्यातल्या, एका साच्यावरची कांडी आणि दुसऱ्या साच्यावरची कांडी सारखी भरत नाही, सकाळचे सूत आणि दुपारचे सूत सारखे उतरत नाही. म्हणून अनेक कांड्यांवरून ली काढायच्या, प्रत्येकीचे वजन लिहायचे आणि सरासरी घ्यायची. गिरणीचे खरे दुखणे मात्र या सरासरीत सापडत नाही. सरासरी वीस नंबरची असूनही सूत कुठे जाड, कुठे बारीक उतरत असेल तर साच्यावर धागे तुटतात, कापडावर पट्टे दिसतात, आणि मालाला खोट लागली की त्याचा भुर्दंड शेवटी विणणाऱ्याच्या मजुरीतून वळता होतो.

मग फरक मोजायचा कसा? वीस नंबरच्या सुताच्या तीन ली ४८, ५० आणि ५२ ग्रेन भरल्या, आणि चाळीस नंबरच्या तीन ली २३, २५ आणि २७ ग्रेन, असे समजा. दोन्हीकडे सरासरीपासूनचे अंतर दोन ग्रेनच आहे. ग्रेनमध्येच बोलायचे तर दोन्ही सुतांचा ओबडधोबडपणा सारखा म्हणावा लागेल. पण पन्नासात दोन म्हणजे चार टक्के, पंचवीसात दोन म्हणजे आठ टक्के. पहिले सूत खपून जाईल, दुसरे विणकर परत पाठवील. फरकाला सरासरीने भागून टक्क्यांत मांडण्याची ही कल्पना शास्त्रशुद्ध रूपात रूढ केली ती लंडनच्या कार्ल पिअर्सनने, १८९६ मध्ये. प्रमाण विचलनाला सरासरीने भागायचे आणि शंभराने गुणायचे, एवढेच ते सूत्र. मराठीत त्याला विचलन गुणांक म्हणता येईल. गिरणीच्या टेस्टिंग खात्यात मात्र ‘सीव्ही टक्के’ हेच नाव चालते. पिअर्सनला त्याची गरज पडली ती वेगळ्याच वादासाठी. पुरुषांच्या अंगी बायकांपेक्षा अधिक वैविध्य असते, असे त्या काळी ठासून सांगितले जाई. पिअर्सनचे म्हणणे असे की मोठ्या देहाची मापे मोठी असतात, म्हणून त्यांच्यातला फरकही आकड्याने मोठा दिसतो. आकार भागून काढल्याखेरीज तुलना करायचा अधिकार कुणाला नाही.

सुताच्या बाबतीत मुंबईने ही शिस्त पुढे अंगवळणी पाडून घेतली. १९२४ मध्ये माटुंग्याला इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीची तंत्रशास्त्रीय प्रयोगशाळा उभी राहिली. ए. जे. टर्नर तिचे पहिले संचालक. देशभरच्या कापसाच्या जातींचे धागे, त्यांची ताकद आणि त्यांचे सूत तिथे कसाला लागू लागले. आजची ‘सिरकॉट’ ती हीच. दादर-परळच्या धुराड्यांपासून ती हाकेच्या अंतरावर होती. पुढे १९५४ मध्ये गिरण्यांच्या संशोधनासाठी ‘बिट्रा’ ही संस्था निघाली, आणि सुताची टक्क्यांतली असमानता हा खरेदी-विक्रीतला रोजचा शब्द झाला. माझा मुद्दा या सुतापुरता नाही. त्याच गिरण्यांत, त्याच दशकांत माणसांच्या मजुरीवरून जे संप झाले, ज्या समित्या बसल्या आणि जे निवाडे झाले, त्यांच्या मुळाशीही हाच प्रश्न होता: फरक रुपयांत मोजायचा की प्रमाणात? भांडणाची भाषा टक्के, आणे आणि सरासरी यांची होती. पण भत्ता टक्क्यांत द्यायचा की ठोक आण्यांत, हे ठरवताना गिरणगावाने नकळत दोनपैकी एक माप निवडले, आणि त्या निवडीने लालबाग-परळच्या पगाराची उतरंड पार बदलून टाकली.

पहिल्या महायुद्धात धान्य आणि कापड महागले तेव्हा गिरणीमालकांनी मूळ दर बदलले नाहीत, वर भत्ता दिला. जुलै १९१७ मध्ये तो दहा टक्के होता. १९१९ आणि १९२० च्या जानेवारीत सार्वत्रिक संप झाले, दर वेळी आकडा चढला, आणि नोव्हेंबर १९२० पर्यंत तो ठरावीक पगारवाल्यांना सत्तर टक्के व कामाच्या मापावर मजुरी मिळणाऱ्यांना ऐंशी टक्के झाला. टक्क्यांचा भत्ता म्हणजे गुणाकार. ज्याला दहा रुपये त्याला सात, ज्याला वीस त्याला चौदा. रुपयांतले अंतर दहावरून सतरावर जाते, पण प्रमाण होते तिथेच राहते. प्रत्येक आकड्याला त्याच संख्येने गुणले की प्रमाण विचलन आणि सरासरी दोन्ही तितक्याच पटीने वाढतात, आणि त्यांचा भागाकार जागचा हलत नाही. म्हणजे या भत्त्याने युद्धापूर्वीची उतरंड जशीच्या तशी वर उचलली. खरे तर जशीच्या तशीही नाही. कामावर मजुरी घेणाऱ्यांत साचेवाले, म्हणजे विणकर, मोठ्या संख्येने होते आणि त्यांची कमाई मुळातच वरची होती. कामाचे तास बारावरून दहावर आले तेव्हा त्यांचे उत्पन्न थेट घटणार होते, म्हणून त्यांचा टक्का जास्त. कारण रास्त होते, पण परिणाम गणिताचा तो गणिताचाच. ठरावीक पगाराच्या दहा रुपयांचे सतरा झाले आणि साचेवाल्याच्या वीस रुपयांचे छत्तीस. जो दुप्पट मिळवत होता तो आता दुपटीहून थोडे अधिक मिळवू लागला. सरकारचे लेबर ऑफिस १९२१ मध्ये सुरू झाले. जी. फिंडले शिरस यांनी मे १९२१ च्या पगारांची पाहणी करून १९१४ शी तुलना मांडली, आणि ‘लेबर गॅझेट’मधून जुलै १९१४ ला शंभर धरणारा राहणीखर्चाचा निर्देशांक महिन्याच्या महिन्याला छापला जाऊ लागला. मुंबईच्या कामगाराला आपल्या महागाईचा आकडा प्रथमच सरकारी कागदावर दिसला. चर्चा मात्र सरासरी पगार महागाईच्या पुढे की मागे, एवढ्यावरच फिरत राहिली.

१९२५ मध्ये उलटा गुणाकार आला. मालकांनी भत्त्यातले वीस टक्के काढून घ्यायचे ठरवले. १७० चे १५० किंवा १८० चे १६० केले की एकूण मजुरीतली घट साडेअकरा टक्क्यांच्या आसपास येते. इतिहासात या कपातीची ओळख याच आकड्याने आहे. सप्टेंबर ते डिसेंबर गिरण्या बंद राहिल्या, आणि सरकारने कापडावरची साडेतीन टक्क्यांची अबकारी जकात तहकूब केल्यावर कपात मागे गेली. टक्क्यांत कापले काय किंवा टक्क्यांत वाढवले काय, आपसातले प्रमाण बदलत नाही, म्हणून हा सगळा झगडा सरासरीचा होता आणि त्यात सगळी खाती एका बाजूला उभी राहू शकली. १९२८ चा संप निराळा. २६ एप्रिल ते ६ ऑक्टोबर असा जवळजवळ साडेपाच महिने दीड लाखाच्या आसपास कामगारांनी तो लढवला. श्रीपाद अमृत डांगे आणि अर्जुन आळवे यांची गिरणी कामगार युनियन त्याच मे महिन्यात जन्मली, आणि ना. म. जोशी यांची टेक्स्टाइल लेबर युनियनही संयुक्त समितीत होती. या संपाच्या केंद्रस्थानी एक रुक्ष शब्द होता: मजुरीचे प्रमाणीकरण. तोवर प्रत्येक गिरणीचे दर वेगळे. त्याच जातीचे कापड, तितक्याच वारांचा ताका, पण रस्त्याच्या अलीकडच्या गिरणीत एक मजुरी आणि पलीकडच्या गिरणीत दुसरी. गिरण्या-गिरण्यांतला हा फरक कमी व्हावा असे युनियनला वाटत होते. मालकसंघालाही हवे होते, कारण एकमेकांचे कामगार ओढणे त्यांना परवडत नव्हते. मग भांडण कशाचे? मालकांनी पुढे केलेल्या तक्त्यात विणकरांच्या दरात साडेसात टक्क्यांची कपात विणलेली होती. फरक कमी करणे आणि सरासरी खाली आणणे ही दोन वेगळी कामे एकाच कागदावर आली. न्यायमूर्ती चार्ल्स फॉसेट यांच्या समितीने महिनोन्‌महिने साक्षी घेतल्या, मार्च १९२९ मध्ये अहवाल दिला, प्रमाणीकरणाचे तत्त्व मान्य केले. पुढच्याच संपाच्या गदारोळात ते कागदावर राहिले.

ते कागदावर राहिल्याची किंमत मंदीत कळली. १९३३-३४ मध्ये गिरण्यांनी भत्त्याला कात्री लावली ती एकजुटीने नव्हे, ज्याच्या त्याच्या मर्जीने. कुणी जास्त कापले, कुणी कमी, आणि आधीच फाटलेले दर आणखी फाटले. एप्रिल १९३४ मध्ये पुन्हा सार्वत्रिक संप झाला आणि लेबर ऑफिसला पगार व बेकारीची पाहणी हाती घ्यावी लागली. पण या साऱ्या इतिहासातला मला सर्वांत बोलका वाटणारा कागद त्यानंतरचा आहे. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले, त्याने वस्त्रोद्योगातल्या मजुरीसाठी चौकशी समिती नेमली, आणि फेब्रुवारी १९३८ च्या अंतरिम अहवालात तिने एक उतरती पायरी सुचवली. साडेतेरा रुपयांखाली कमावणाऱ्याला रुपयामागे तीन आणे वाढ. पगार वर जाईल तसा दर उतरत जाऊन चाळीस ते पंचाहत्तर रुपयांच्या टप्प्याला रुपयामागे एक आणा. बारा रुपयेवाल्याला छत्तीस आणे, म्हणजे सव्वादोन रुपये मिळाले. त्याचे झाले सव्वाचौदा. अठ्ठेचाळीस रुपयेवाल्याला तीन रुपये मिळाले. त्याचे झाले एक्कावन्न. आता विचारा की दोघांतला फरक वाढला की घटला? रुपयांत पाहा: आधी छत्तीस होता, आता पावणेसदतीस झाला. वरच्याला जास्त मिळाले, फरक वाढला. प्रमाणात पाहा: आधी वरचा खालच्याच्या चौपट कमवत होता, आता साडेतीन पटीच्या थोडा वर. फरक घटला. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध आहेत. त्या अहवालाकडे बोट दाखवून गेटसभेत एक वक्ता ‘वरच्यांचीच धन’ म्हणू शकला असता आणि दुसरा ‘तळाला न्याय’, आणि दोघांपैकी कुणीही खोटे बोलले नसते.

दुसऱ्या महायुद्धाने तिसरी रीत आणली. १९४० नंतर मुंबईच्या गिरण्यांत जो महागाई भत्ता स्थिरावला तो टक्क्यांचा नव्हता. राहणीखर्चाचा निर्देशांक ठरावीक आकड्याच्या वर जितके अंश जाईल तितक्या अंशांवर ठरावीक पै, आणि ती सगळ्यांना सारखीच, मग तो झाडूवाला असो, त्रासनखात्यातला साइडर असो की चांगला हात बसलेला साचेवाला. गुणाकाराच्या जागी बेरीज आली. तत्त्व असे की तांदूळ, रॉकेल आणि धोतरजोडी यांचे भाव जातिवंत कारागिराला आणि हमालाला निराळे नसतात. पोट सगळ्यांचे एकच, म्हणून भरपाईही एकच. १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाने अखेर प्रमाणीकरणाचा निवाडा दिला, सव्वीस दिवसांच्या महिन्याला किमान मूळ पगार तीस रुपये ठरला, आणि जवळजवळ वीस वर्षांपूर्वी फॉसेट समितीत अडकलेला तक्ता प्रत्यक्षात उतरला. या तीस रुपयांवर हिशेब करून पाहू. बाकीचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी घेतलेले आहेत. तीन कामगारांचे मूळ पगार तीस, पंचेचाळीस आणि साठ. सरासरी पंचेचाळीस, विचलन गुणांक सुमारे सत्तावीस टक्के. आता प्रत्येकाला साठ रुपये ठोक भत्ता दिला तर पगार होतात ९०, १०५ आणि १२०. गिरणीचा खर्च ३१५ रुपये. हेच ३१५ रुपये टक्केवारीने वाटले असते तर पगार झाले असते ७०, १०५ आणि १४०. मालकाच्या खिशातून तेवढेच जातात, सरासरी तीच राहते. पण टक्क्यांच्या रीतीत गुणांक सत्तावीसच राहतो, आणि ठोक रीतीत तो बाराच्याही खाली येतो.

यावर सरळ आक्षेप असा येईल की प्रमाणाचे हे प्रकरण कागदी आहे. माणूस बाजारात रुपये घेऊन जातो, गुणांक घेऊन जात नाही. ठोक भत्त्याने साठ रुपयेवाल्या साचेवाल्याचे काही हिरावले नाही. तीस रुपयेवाल्या मदतनिसापेक्षा तो आधी तीस रुपयांनी पुढे होता, नंतरही तीस रुपयांनीच पुढे राहिला. आक्षेप वजनदार आहे, पण एक गोष्ट विसरतो. भत्ता मुळात द्यावा लागला तो भाव वाढले म्हणून. वरच्या उदाहरणात सरासरी पगार पंचेचाळीसवरून एकशे पाचवर गेला, म्हणजे सव्वादोन पटीच्या थोडा वर. भावही तितकेच चढले असे धरले तर नव्या एकशेवीस रुपयांत जुन्या साडेएक्कावन्न रुपयांचा बाजार येतो, आणि नव्या नव्वदांत जुन्या साडेअडतीस रुपयांचा. म्हणजे तीस रुपयांचे जे अंतर कागदावर तसेच राहिले ते पिशवीत तेरा रुपयांवर आले. खालच्याची खरी मजुरी वाढली, वरच्याची घटली. हे सत्य प्रमाण विचलन सांगत नाही, कारण ते जागचे हलतच नाही. ते सांगतो सरासरीने भागलेला गुणांक. महागाईच्या काळात सरासरीने भागणे म्हणजे बऱ्याच अंशी भावांनी भागणे. म्हणूनच इथे सापेक्ष माप हे पांडित्य ठरत नाही, ते बाजारभाव ठरते. अर्थात प्रत्यक्षातला भत्ता तळालाही महागाई सगळी भरून देत होता असे नाही, आणि निर्देशांक स्वतःच वादात होता. १९६३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ डी. टी. लकडावाला यांची समिती नेमून मुंबईचा निर्देशांक तपासून घ्यावा लागला, कारण त्याच्या एकेका अंशावर लाखो पाकिटे अवलंबून होती.

दुसरा आक्षेप मला अधिक विचार करायला लावतो. फरक आटला तर वाईट काय झाले? चाळीतल्या एका खोलीत दोन बिऱ्हाडे राहत असताना तळच्याला दिलासा मिळाला, आणि तो मालकाचा खर्च न वाढवता मिळाला, तर रडायचे कशाला? उत्तर असे की गुणांक घटला हे चांगले की वाईट, ते गुणांक सांगत नाही. तळ वर आला म्हणून तो घटतो, माथा खाली आला म्हणूनही घटतो, आणि इथे दोन्ही झाले. युद्धकाळात अन्नासाठी रांगा लागल्या होत्या, तेव्हा ठोक भत्ता न्याय्यच होता असे माझे मत आहे. पण तोच नियम शांततेच्या काळात वर्षानुवर्षे चालला, महागाई चढत गेली, आणि भत्ता मूळ पगाराहून मोठा झाला. मूळ पगार कौशल्याप्रमाणे वेगळा, भत्ता सगळ्यांना सारखा. दुसऱ्याचा वाटा वाढत गेला की पहिल्यातला फरक त्यात बुडून जातो. १९४७ च्या निवाड्याने खात्याखात्याच्या कामाचे मोल मोठ्या कष्टाने ठरवले होते. कुणीही त्याच्याविरुद्ध निवाडा न देता ते मोल हळूहळू पुसले गेले. कुणी ठरवून समता आणली असती तर तिच्याशी वाद घालता आला असता, तिचे समर्थन करता आले असते. इथे ती निर्देशांकाच्या चढणीतून आपोआप आली आणि तिची कधी उघड चर्चाच झाली नाही. कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा प्रश्न टाळला, कारण तो काढला तर एकजुटीत फट पडली असती. मालकांनी टाळला, कारण कुशल हात स्वस्तात मिळत होते.

पिअर्सनचे सूत्र सगळीकडे चालते असाही माझा दावा नाही, आणि त्याची सीमा दाखवायला गिरणगावाहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. बदली कामगार रोज पहाटे भोंग्याला गेटवर उभा राही. कायम कामगार आला नाही तर त्याची जागा याला. १९३५ पासून बदल्यांना कार्डे देऊन ही गर्दी ताब्यात आणायचा प्रयत्न झाला. समजा, तीन बदल्यांना महिन्यात सहा, बारा आणि अठरा दिवस काम मिळाले. गुणांक एकेचाळीस टक्के. पुढच्या महिन्यात धंदा मंद, प्रत्येकाचे चार दिवस गेले: दोन, आठ आणि चौदा. दिवसांतला फरक तेवढाच, पण गुणांक एकसष्टवर. इथपर्यंत सूत्र खरेच बोलते. सहा दिवसवाल्याचे चार दिवस जाणे आणि अठरावाल्याचे चार जाणे यांत फार अंतर आहे. पण आता ज्याला महिनाभर एकही पाळी मिळाली नाही असा माणूस मोजायचा की नाही? त्याला रजिस्टरात धरले तर सरासरी शून्याकडे सरकते आणि गुणांक वाटेल तितका फुगतो. वगळले तर चित्र गोंडस दिसते. सुताच्या ली कुठून घ्यायच्या हे मास्तर ठरवू शके. बदल्यांत कोण कामगार आणि कोण नुसता उमेदवार, हे जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ठरवत असे, आणि त्याच्या मर्जीवर गणिताची मात्रा चालत नाही. भागाकारात तळाची संख्या शून्याजवळ आली की भागाकाराचा अर्थच ढळतो. तापमानासारख्या मापांनाही, जिथे शून्य हे सोयीचे असते आणि खरे नसते, हे सूत्र लावता येत नाही. पिअर्सनच्या भक्तांनी एवढे पथ्य पाळायला हवे.

आणखी एक गोष्ट या आकड्यांच्या चौकटीबाहेर राहते. फरक कुणाकुणांतला मोजायचा? १९४७ नंतर गिरणी-गिरणीतला फरक गेला, गिरणीतल्या खात्याखात्यांतला फरक प्रमाणात आटला. आतून पाहिले तर गिरणगाव इतके सपाट कधीच नव्हते. पण त्याच काळात मुंबईच्या उपनगरांत आणि ठाण्यात औषधांचे, मोटारींचे, इंजिनिअरिंगचे कारखाने उभे राहिले आणि तिथले पगार वेगळ्याच वाटेने चढले. एकाच चाळीत शेजारी-शेजारी राहणाऱ्या गिरणी कामगाराच्या आणि औषध कारखान्यातल्या कामगाराच्या पाकिटांत जी दरी पडली, ती गिरण्यांच्या कोणत्याही तक्त्यात दिसणार नव्हती. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले त्यामागे बोनस होता, बदल्यांना कायम करण्याची मागणी होती, राष्ट्रीय मिल मजदूर संघाच्या कायदेशीर मक्तेदारीचा राग होता. आणि ही दरीही होती. त्या संपाचा शेवट सर्वांना माहीत आहे.

दोन्ही रीती मात्र मुंबईत आजही जिवंत आहेत. मंत्रालयातल्या कारकुनाला आणि सचिवाला महागाई भत्ता मूळ पगाराच्या टक्केवारीने मिळतो. केंद्रातही १९९६ पासून सर्व पायऱ्यांना एकच टक्का आहे. महाराष्ट्रातल्या किमान वेतनावरच्या कामगाराला मात्र ‘विशेष भत्ता’ जानेवारीत आणि जुलैत ठोक रुपयांत जाहीर होतो, आणि तो कुशल, अर्धकुशल, अकुशल तिघांना सारखाच असतो. लोअर परळच्या जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत किमान वेतनावर राबणाऱ्या कुशल कारागिराचा आणि त्याच्या मदतनिसाचा पगार दर सहा महिन्यांनी प्रमाणात थोडा थोडा जवळ येतो. सचिव आणि कारकून यांच्यातले प्रमाण तेवढ्याच अवधीत तसूभरही हलत नाही.